मी अर्धंच सांगितलं होतं

किहीम
९ ऑगस्ट २०२४

ताई,

तुझा पत्ता शाळेतून मिळवला. तळा गावी तुझ्या शाळेत फोन केला आणि म्हटलं, मी एक पालक बोलतेय, विनिता बाईंना पुस्तकं पाठवायची आहेत. खोटं बोलले. माझा फोन तुला लागत नाही, परेशच्या नंबरवरूनही लागत नाही. का लागत नाही ते मला माहीत आहे, म्हणून पत्र. पत्र फाडायचं तरी ते एकदा हातात घ्यावं लागतं.

मला सहावा महिना आहे. आईने तुला कळवलं नसेल, तुमचंही बोलणं नाही.

पहिले पाच महिने मी फक्त ओकले. सुकट भाजल्याचा वास, चादरींच्या साबणाचा वास, परेशच्या कपड्यांना येणारा डिझेलचा वास. तो उरणला ट्रेलर चालवतो, चार-पाच दिवसांनी घरी येतो आणि मी त्याला आधी मागच्या नळावर आंघोळीला पाठवते. बिचारा जातो. आता ओकाऱ्या थांबल्या तर कंबरेने धरलंय. माकडहाडापासून डाव्या मांडीपर्यंत अशी कळ येते की जिन्याची पायरी चढताना मी मधेच उभी राहते. सासूबाई खालून विचारतात, "काय झाला गो?" मी म्हणते, काही नाही, पदर अडकला. मी गाऊन घातलेला असतो.

आमच्या वाडीत तीन खोल्या आहेत, पर्यटकांना देतो. शनिवारी माणसं येतात, रविवारी जातात, सोमवारी मी सहा चादरी आणि बारा अभ्रे धुते. सासूबाई मदत करतात, नाही असं नाही. पण त्यांच्या मते मी फार हळू झालेय. "आमी नऊ महिनं मिठागरान पाट्या उचलल्या," म्हणतात. त्या खोटं बोलत नाहीत. उचलल्याच असतील.

पूनमताई, आमच्या गावच्या आशा सेविका, दर महिन्याला येतात. वजन, रक्तदाब, रक्ताचा रिपोर्ट वहीत लिहितात आणि म्हणतात, सगळं नॉर्मल आहे हो. कागदावर मी अगदी ठणठणीत बाई आहे.

थकलेय, एवढंच सांगायचं होतं. इथे कुणाला सांगितलं तर ते उपाय सांगतात.

मृणाली पहिलीत गेली असेल. तिला माझं नाव तरी माहीत आहे का?

प्राप्ती


२ ऑक्टोबर २०२४

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की मी फाटकापर्यंत जाते.

पहिलं बाळंतपण माहेरी करतात. मी जाणार नाही म्हणून सांगितलं. आईचे गुडघे दुखतात, तिला माझं करणं होणार नाही, असं कारण दिलं. सगळ्यांना पटलं. आईलासुद्धा पटलं आणि वाईटही वाटलं.

खरं कारण ती मागची खोली. आईने मला फोनवर सांगितलं, "मागची खोली रंगवून घेतली, तुझ्यासाठी पंखा बसवला." आणि मला ती खोली जशी होती तशी दिसली. खिडकीवर जुनी साडी लावलेली, शेगडीचा धूर, आणि तू भिंतीकडे तोंड करून निजलेली. मृणाली रडून रडून दमायची, तरी तू वळायची नाहीस. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. पुस्तक घेऊन ओसरीवर जायचे आणि जाताना दार जरा आपटायचे. तुला ऐकू जावं म्हणूनच आपटायचे.

त्या खोलीत मी झोपू शकणार नाही.

काल पूनमताईंबरोबर एक नर्सिंगची मुलगी आली होती, सुचिता नावाची. गरोदर बायकांना प्रश्न विचारत गावोगाव फिरतेय. गेल्या चार आठवड्यांत दुखण्यामुळे रोजच्या कामात किती अडथळा आला? झोप किती लागली? मन उदास होतं का? अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप, यांतलं एक सांगायचं. सासूबाई शेजारीच वाल सोलत बसल्या होत्या. मी सगळ्याला 'अजिबात नाही' सांगितलं. मुलीने कागद उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाली, "ताई, तुमच्यासारखं कुणीच नाही मिळालं अजून." सासूबाई खूश झाल्या.

त्या मुलीने मान वर करून माझ्याकडे एकदा नीट पाहिलं असतं, तर मी बोलले असते, असं नंतर वाटलं. पण ते तिच्यावर ढकलणं झालं. तू तर मला तोंडाने सांगितलं होतंस, तरी काय झालं?

यावर आज लिहीत नाही. हात सुजलेत, पेन धरवत नाही.

प्राप्ती


१७ डिसेंबर २०२४

ताई,

मुलगा झाला. १२ नोव्हेंबरला, अलिबागला. वीस तास लागले. टाके पडले, पुष्कळ. डॉक्टरीणबाई चांगली होती, सारखी म्हणत होती, झालं, झालं, अजून एकदा.

सगळे आनंदात आहेत. परेशने ट्रेलरला हार घातला.

मला बसता येत नाही. एका कुशीवर दूध पाजते. ते पाजून होतं, ढेकर काढते, ठेवते, परत रडतो, परत घेते. लाडू खाते, काढा पिते, पोट बांधून घेते, शेक घेते. सांगतील ते सगळं करते.

एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. मला लघवी धरवत नाही. शिंक आली, खोकला आला, बाळाला उचलायला वाकले की होते. कधी कधी नुसती उभी राहिले तरी. मोरीच्या चौकडीत जुन्या चादरीचे तुकडे धुऊन मी वाडीत मागच्या बाजूला, कुणी जात नाही तिथे वाळत घालते. सत्तावीस वर्षांची आहे मी. परेश परवा म्हणाला, "खोलीत कसला वास येतोय?" मी म्हटलं, बाळाचा. बाळावर घातलं.

आता पाणीच कमी पिते. दुपारपर्यंत एक पेला. तेवढंच कमी होतं.

आणि दुसरं. तो माझ्याकडे बघतो तेव्हा मला काही होत नाही. मला वाटायचं, झाल्या झाल्या काहीतरी भरून येतं. बायका सांगतात तसं. मी वाट पाहिली. पाच आठवडे झाले. कुणीतरी त्याला सांभाळायला माझ्याकडे ठेवलंय आणि संध्याकाळी न्यायला येणार आहे, असं वाटतं. संध्याकाळ होते, कुणी येत नाही.

तुझे शब्द जवळजवळ हेच होते. आठवतंय मला.

प्राप्ती


२१ जानेवारी २०२५

ताई,

हे पत्र मी तीनदा लिहिलं आणि फाडलं. आता हे जसं होईल तसं पाठवणार.

संक्रांतीच्या आधी मला ताप भरला. हुडहुडी, कंबरेत कळा, दूध एकदम कमी झालं. सासूबाई म्हणाल्या दृष्ट लागली, मीठ-मिरच्या उतरून टाकल्या. दुसऱ्या दिवशी पूनमताई आल्या, अंगाला हात लावला आणि सरळ रिक्षा बोलावली. पाणी न पिऊन लघवीला संसर्ग झाला होता. डॉक्टरीणबाई विचारायला लागली, पाणी का पीत नव्हतीस? सासूबाईच म्हणाल्या, "ती पितंच न्हाय, हट्टी हाय."

पूनमताईंनी त्यांना औषधाच्या खिडकीवर पाठवलं. पडदा ओढला. म्हणाल्या, "प्राप्ती, ऑक्टोबरातला तुझा कागद मी पाहिलाय. इतकी सुखी बाई मी पंधरा वर्षांत पाहिली नाही. आता खरं सांग."

मग मी सांगितलं. लघवीचं सांगितलं. टाक्यांचं, झोपेचं सांगितलं. आणि हेही सांगितलं की आठ दिवसांपूर्वी मी त्याला पलंगावर, भोवती उशा लावून ठेवलं, खोलीला बाहेरून कडी घातली आणि समुद्रावर गेले. ओहोटी होती. मी चालत राहिले, वाळू संपून चिखल लागला तरी. पाणी घोट्याला लागलं तेव्हा दूध आपोआप वाहायला लागलं, ब्लाऊज भिजला, आणि मी वळले. मायेने वळले असं म्हणणार नाही. अंगाने वळवलं. घरी आले तर तो झोपलेलाच होता. कुणालाच कळलं नाही.

डॉक्टरीणबाई ओरडली नाही. म्हणाली, "हा आजार आहे, बाई. दोन्ही. खालच्या स्नायूंचाही आणि मनाचाही. दोन्हीला उपाय आहे, गोळ्या आणि व्यायाम." एवढंच. हा आजार आहे, हे वाक्य बोलायला तिला किती वेळ लागला असेल? एक श्वास. तुला ते कुणीच सांगितलं नाही.

आता ते लिहिते.

त्या दिवशी, २०१९च्या जानेवारीत, तू मला खोलीत बोलावलंस. म्हणालीस, "प्राप्ती, मला ही मुलगी नको वाटते. मला कुणाची तरी दुसऱ्याची वाटते." आणि माझं मनगट धरून म्हणालीस, "मला कुठल्यातरी डॉक्टरकडे ने. आईला सांगू नको, ती भगताकडे नेईल. तू ने."

मी आईला सांगितलं. घाबरले म्हणून सांगितलं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलेय. थोडी घाबरलेही होते. पण वैतागलेही होते. परीक्षा जवळ आली होती, आणि मला वाटत होतं तू नाटक करतेस. मी आईला पहिलं वाक्य सांगितलं. दुसरं सांगितलं नाही.

मग तुझ्या सासरची माणसं आली, ओसरीवर बैठक बसली. तुझ्या सासऱ्यांनी मला विचारलं, "पोरी, खरं सांग, ती पोर नको म्हणाली?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "हो. नको म्हणाली." तू दाराच्या आत उभी होतीस. तू वाट बघत होतीस की मी पुढचं बोलेन. मी बोलले नाही. ती माणसं मुलीला घेऊन गेली, तेव्हा मृणाली दोन महिन्यांची होती. तुला ती परत मिळाली तेव्हा तेरा महिन्यांची. तू एकटी कोर्टात उभी राहिलीस, बी.एड.ही केलंस, आणि आमच्यापैकी कुणाकडे काही मागितलं नाहीस.

मी अर्धंच सांगितलं होतं. आजपर्यंत कुणाला हे माहीत नव्हतं, तू आणि मी सोडून.

माफ कर असं लिहायला पेन उचललं होतं. पण माफी मागितली की तुला काहीतरी द्यावं लागेल, आणि तू आधीच पुष्कळ दिलंयस. म्हणून मागत नाही.

प्राप्ती


१८ फेब्रुवारी २०२५

ताई,

तुझं कार्ड मिळालं. पाच ओळी. पाठ झाल्या, तरी उशीखाली ठेवलंय.

"गोळ्या मधेच बंद करू नको, बरं वाटलं तरी. व्यायाम रोज कर. बाळाला एकटीने सांभाळायचा हट्ट करू नको. आईला पूर्ण वाक्य सांग. माझा राग गेलेला नाही."

तर, मी आईला सांगितलं. फोनवर. सगळं, 'मला डॉक्टरकडे ने' हे तुझं वाक्यसुद्धा. मग म्हणाली, "तू तेव्हा बोलली असतीस तर मी नेली असती तिला." मी म्हटलं, आई, नेली असतीस? मग म्हणाली, "माहीत नाही गं," आणि फोन ठेवला. आठ दिवस झाले, तिने फोन केलेला नाही. बाबा सांगतात, ती मागच्या खोलीत जाऊन बसते.

परेशलाही सांगितलं, समुद्राचं. तो जेवत होता. ताट बाजूला सारलं आणि हुंदके देऊन रडायला लागला, एवढा मोठा माणूस. दुसऱ्या दिवशी मालकाला सांगून जवळच्या फेऱ्या घेतल्या. आता रोज संध्याकाळी घरी येतो. बाळाची आंघोळ तो घालतो. पाणी जरा जास्तच घालतो.

व्यायाम म्हणजे काही विशेष नाही. अलिबागच्या दवाखान्यातल्या बाईंनी शिकवला. खालचे स्नायू आत ओढायचे, दहापर्यंत मोजायचं, सोडायचे. भाकऱ्या थापतानाही होतो. दिवसाला सहा तुकडे लागायचे, आता तीन लागतात. मनाचं तसं मोजता येत नाही. काल त्याने माझी वेणी धरली आणि सोडेचना. मी हसले. मग लक्षात आलं की हसले.

अजून दुपार झाली की सगळं अंग जड होतं. बसले की उठवत नाही. पण आता ते मी बोलून दाखवते.

राग जाऊ नये असं मला वाटतं, असं नाही. पण तू तो लिहून पाठवलास, त्याने मला बरं वाटलं.

प्राप्ती


२४ मार्च २०२५

ताई,

तुम्ही दोघी पोचल्याचा निरोप मिळाला. मृणालीची पाण्याची बाटली इथेच राहिली.

तू येशील असं मला खरंच वाटलं नव्हतं. शनिवारी खोल्यांत पाहुणे होते, मी नाश्त्याचे घावणे काढत होते, आणि फाटकात तू उभी. केस आखूड, खांद्याला शाळेची पिशवी. सहा वर्षांनी भेटून तू पहिलं काय बोललीस? "तवा उतरव आधी, जळतोय."

तू गेल्यावर काय झालं ते सांगते. तुला आठवत असेल, जेवताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "आमच्या येलंला असला काय नव्हता." आणि तू म्हणालीस, "नव्हतं, की कुणी विचारलं नव्हतं?" मला वाटलं आता भांडण होणार. त्या ताट उचलून आत गेल्या. आज सकाळी मी भाकऱ्या थापत होते, तर त्या शेजारी येऊन बसल्या. इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "ता व्यायाम मना पन दाखीव. तीस वर्सा झाली मना." तीस वर्षं, ताई. परेश झाल्यापासून. आम्ही दोघी चुलीपुढे बसून दहापर्यंत मोजत होतो. मधेच त्यांना हसू आलं, आणि मग डोळे पुसत बसल्या.

आता जे लिहायला बसलेय ते.

रविवारी दुपारी तू बाळाला चटईवर घेऊन बसली होतीस. तो पालथा पडला, पहिल्यांदाच, तुझ्यासमोर. मी टाळी वाजवली. तू वाजवली नाहीस. तू त्याच्याकडे बघत राहिलीस आणि मग म्हणालीस, "चार महिन्यांचं पोर कसं असतं, मला माहीतच नाही. त्याला हातात घेतलं तेव्हा तुझा सगळ्यात जास्त राग आला." थोड्या वेळाने म्हणालीस, "मृणाली कशी वळली असेल?" तू ते मला विचारलं नव्हतंस. तुझं तुलाच विचारलं होतंस. मृणाली बाहेर वाडीत सुपाऱ्या गोळा करत होती.

मी गप्प राहिले. परत एकदा. कारण मला माहीत होतं.

ताई, त्या अकरा महिन्यांत मी आणि आई तीनदा तुझ्या सासरी जाऊन आलो. तुला न सांगता. आईला नातीला बघायचं होतं. आणि मला बघायचं होतं की ती बरी आहे, म्हणजे मी केलं ते फार वाईट नव्हतं असं वाटलं असतं. तू तेव्हा अलिबागला वकिलाकडे खेपा घालत होतीस, आणि तुला लांबूनसुद्धा बघू देत नव्हते. आम्हाला त्यांनी चहा दिला.

तर जे पाहिलं ते लिहिते. तुझं आहे.

मे महिना होता. त्यांच्या पडवीत निळ्या चटईवर ती निजली होती, अंगात पिवळं झबलं, काजळ गालापर्यंत आलेलं. ती डाव्या कुशीवर वळली, मग पालथी झाली आणि एक हात पोटाखाली अडकला. रडली नाही. कपाळाला आठ्या घालून विचार करत राहिली, मग दुसऱ्या हाताने चटई धरून स्वतःच तो हात सोडवला. तू गणित सोडवताना करायचीस तसंच तोंड केलं होतं तिने.

ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा बसायला लागली होती, मागे लोड लावून. खाली एक दात आला होता. मी तोंडात बोट घातलं तर कचकन चावली. पेज भरवली की अर्धी फुंकर मारून उडवायची. माणसं बोलत असली की ज्याचा आवाज येईल त्याच्याकडे मान वळवायची. कुठल्या बाईचा आवाज आला की जरा जास्त वेळ बघायची.

शेवटचं गेलो ते नोव्हेंबरच्या अखेरीला. बाकाला धरून उभी होती, पायात वाजणारे वाळे. मी समोर बसले आणि हात पुढे केले. माझ्याकडे आली नाही. बाक सोडला, वळली आणि उघड्या दाराकडे निघाली. चार पावलं टाकली, पाचव्याला बसली. घरात कुणाला ठाऊक नव्हतं की ही चालते. तुझ्या सासूबाई ओरडल्या, "अगो, चालली, चालली!" म्हणजे ती पहिली पावलं मी पाहिली, ताई. जिने पाहायची ती तू होतीस. ती दाराबाहेर ऊन होतं तिकडे बघत होती, पडली त्याचं तिला काहीच नव्हतं. मग दोन्ही हात जमिनीला टेकून ती उठली आणि परत निघाली.

प्राप्ती